जमीन जशी, तसा नांगर

मुलांनो, कामठीहून कन्हान नदीचा पूल ओलांडून रामटेकच्या बाजूला गेलात, की रस्त्याच्या कडेला शेते लागतात. आता तेथे बरेच काम ट्रॅक्टर करतो; पण कुठे कुठे बैलांचा वखरही दिसतो. वखर म्हणजे एक जाड लाकूड आणि त्याखाली बसवलेली लोखंडी पास. पास जमिनीत काही बोटेच खोल जाते. तिने ढेकळे फुटतात आणि तण कापले जाते. दरवर्षी पिकणाऱ्या जमिनीला एवढे पुरते.

पण शेत काही वर्षे पडीक राहिले तर? मग तेथे कांस नावाचे गवत शिरते. पावसाळा संपताना नदीकाठी पांढऱ्या तुऱ्यांचे उंच गवत तुम्ही पाहिले असेल. दिसायला ते फार सुंदर! शेतकऱ्याच्या मात्र ते पाहून पोटात गोळा येतो. वरून कापा, जाळा. जमिनीतल्या गाठींना पुन्हा कोंब फुटतात. वखर तेथे हरतो.

अशी अडचण इतरांनाही आली होती. दक्षिण ऑस्ट्रेलियात शेतकऱ्यांनी झुडपे तोडून, जाळून जमीन मोकळी केली, पण बुंधे आणि मुळे आतच राहिली. ती उपटायला फार मेहनत आणि पैसा लागे. नांगर बुंध्याला अडकला, की फाळ मोडे. 1876 मध्ये रिचर्ड बॉयर स्मिथ या कारागिराने एक वेगळाच नांगर केला. त्याचा प्रत्येक फाळ बिजागरीवर बसवलेला होता. बुंधा आडवा आला, की फाळ वर उचलला जाई, बुंध्यावरून पलीकडे जाई आणि वजनामुळे पुन्हा जमिनीत उतरे. नांगराचा एक बोल्ट तुटला, तरी फाळ बुंध्यावरून सहज गेला, हे पाहून त्याला ही युक्ती सुचली, असे सांगतात. त्याने जमीन बदलली नाही, नांगर बदलला. कामठीच्या विणकर घरांतील मुलांना हे लगेच कळेल. सूत बारीक झाले, की हातमागाची फणी बदलावी लागते ना?

आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1903 मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगरापेक्षा तो माती खोल उकरी आणि पलटी. तरी गिऱ्हाईक मिळेना! लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी लोकांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. शेतकऱ्यांना हसू नका. नांगर बिघडला तर दुरुस्त करता येतो. जमीन बिघडली तर वर्षभर खायचे काय? पुढे औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कारखान्यासाठी लक्ष्मणरावांना जागा दिली. तीही ओसाड होती. सगळीकडे निवडुंग माजलेले! ते साफ करून 1910 मध्ये तेथे किर्लोस्करवाडी वसली.

आता पुन्हा कांसाकडे येऊ. देश स्वतंत्र झाला, तेव्हा धान्याची मोठी टंचाई होती आणि पुष्कळ जमीन कांसाखाली गेली होती. नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होते. या प्रांतातील सागर, होशंगाबाद या जिल्ह्यांत कांस फार होते. सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन केली. अमेरिकन सैन्याने युद्धानंतर येथेच ठेवलेले ट्रॅक्टर प्रथम कामाला लावले. 1949 मध्ये जागतिक बँकेने नव्या यंत्रांसाठी 1 कोटी डॉलर कर्ज दिले. लोखंडी पट्ट्यांवर चालणारे हे अवजड ट्रॅक्टर भर उन्हाळ्यात सुमारे फूटभर खोल नांगरट करीत. गाठी वर येत आणि उन्हात वाळून मरत. उन्हाळाच का? ओल्या मातीत पडलेली गाठ पुन्हा रुजते.

ट्रॅक्टर पुढच्या गावाला गेला, की शेत पुन्हा शेतकऱ्याच्या हाती येई. नंतरचे काम वखराचे. ते दरवर्षी वेळेवर झाले नाही, तर बांधाकडून पांढरे तुरे परत डोकावू लागत.

शब्दार्थ
पडीक – न पेरता सोडलेली (जमीन)
पास – वखराचे लोखंडी पाते
बुंधा – झाडाच्या खोडाचा मुळाजवळचा भाग
टंचाई – कमतरता

स्वाध्याय
1. स्मिथच्या नांगराचा फाळ बुंध्यावरून कसा जात असे?
2. शेतकरी लोखंडी नांगर घ्यायला का तयार नव्हते?
3. कांसाची नांगरट उन्हाळ्यातच का करीत?
4. ‘पोटात गोळा येणे’ हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.