मेदाम्लांवरून जीवाणूंची ओळख

साकीनाक्याच्या आपल्या परिसरात ‘जीवाणू’ हा शब्द बहुधा दवाखान्याच्या कागदावरच भेटतो. आम्ही इतिहासाचे अभ्यासक; पुराव्याची पारख हा आमचा विषय. म्हणून जीवाणूंच्याच एका वेगळ्या प्रकरणाकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते.

एप्रिल २००५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या हैदराबाद येथील केंद्रावरून एक प्रचंड फुगा आकाशात सोडण्यात आला. त्यासोबतच्या निर्जंतुक पोलादी नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा भरून आणली गेली. डॉ. जयंत नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखालील या प्रयोगातील नमुने हैदराबाद व पुणे येथील प्रयोगशाळांत तपासले गेले आणि २००९ मध्ये जीवाणूंच्या तीन नव्या जाती जाहीर झाल्या. त्यांपैकी एकीला आर्यभटाचे, एकीला इस्रोचे, तर एकीला फ्रेड हॉयल यांचे नाव मिळाले.

‘नवी जाती’ हे ठरले कशावरून? सूक्ष्मदर्शकात बहुतेक जीवाणू काडीसारखे किंवा ठिपक्यासारखेच दिसतात. म्हणून डीएनएच्या जोडीला पेशीची रासायनिक घडण पाहतात आणि तीत मेदाम्लांना मोठे स्थान आहे. पेशीपटल मेदाचे असते. त्यातील मेदाम्लांच्या साखळ्यांची लांबी, फांद्या आणि प्रमाण जातीगणिक बदलते. बॅसिलस कुळात १५ कार्बनच्या फांद्या असलेल्या साखळ्या विपुल असतात. पेशी अल्कलीत उकळून मेदाम्ले सुटी करतात, त्यांचे वायुरूप होऊ शकणारे संयुग बनवतात व ते गॅस क्रोमॅटोग्राफ यंत्रातून सोडतात. कागदावर उमटणारी शिखरे ज्ञात जीवाणूंच्या नोंदींशी ताडून पाहिली जातात.

मात्र येथे एक अट कठोर आहे. थंडीत खोबरेल गोठते, शेंगदाण्याचे तेल गोठत नाही. पेशीपटल गोठू नये म्हणून जीवाणूही तापमानानुसार आपली मेदाम्ले बदलतो. अन्न बदलले तरी तेच. म्हणून ज्यांची तुलना करायची, त्या सर्वांना आधी एकाच अन्नावर, एकाच तापमानात, सारख्याच वयापर्यंत वाढवावे लागते. समान संधी दिल्यावाचून काढलेला निष्कर्ष येथे ग्राह्य धरत नाहीत. (जीवशास्त्रातील ‘जाती’ पुराव्याने ठरते आणि नवा पुरावा आला की बदलते, हेही आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.) बॅसिलस आर्यभट्टाय आज प्रिस्टिया या प्रजातीत गणला जातो.

हे जीवाणू अंतराळातून आले, असे मात्र सिद्ध झालेले नाही. खुद्द संशोधकांनीही तसा दावा केला नाही. पुढे आर्यभट्टाय मध्य भारतात सोयाबीनच्या मुळांजवळील मातीतही आढळला.