मैदानावरचा गणवेश

प्रास्ताविक

फुटबॉल हा जगातील सर्वाधिक लोकप्रिय खेळांपैकी एक आहे. या खेळाच्या एकूण सतरा नियमांपैकी चौथा नियम खेळाडूंच्या पोशाखाविषयी आहे. वरवर पाहता हा नियम किरकोळ वाटतो. तथापि, सदऱ्याचा रंग, पायांतील बूट किंवा डोक्यावरील वस्त्र यांवरून खेळाडूला मैदानाबाहेर राहावे लागल्याची उदाहरणे आहेत. नियम कशासाठी असतो आणि तो केव्हा बदलावा लागतो, याचा विचार प्रस्तुत पाठात केला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अध्ययनानंतर विद्यार्थ्याला
• फुटबॉलमधील पोशाखाचे प्रमुख नियम सांगता येतील;
• त्या नियमांमागील कारणे स्पष्ट करता येतील;
• नियम आणि न्याय यांच्या संबंधाविषयी स्वतःचे मत मांडता येईल.

मूळ पाठ

सामन्यापूर्वीची तपासणी

चेन्नई हे क्रिकेटवेडे शहर म्हणून ओळखले जाते; परंतु तेथील फुटबॉलची परंपराही जुनी आहे. कोल्हापुरात जसे पेठापेठांतील तालमींचे संघ फुटबॉल खेळतात, तसे उत्तर चेन्नईतील व्यासरपाडी या श्रमिकांच्या वस्तीत मुले गल्लीबोळांतून चेंडू खेळवत मोठी होतात. या वस्तीला कौतुकाने ‘छोटे ब्राझील’ म्हटले जाते. भारताच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले धनपाल गणेश हे याच वस्तीतील.

अशा वस्तीतील मुले शाळेच्या संघातून प्रथमच औपचारिक सामना खेळावयास येतात, तेव्हा त्यांची गाठ आधी पंचांशी पडते. पंच खेळाडूंच्या बुटांचे तळ पाहतात, पायमोज्यांखाली नडगीचे संरक्षक कवच आहे की नाही हे तपासतात. मुलींच्या नाकातील चमकी, कानांतील डूल, गळ्यातील साखळी, हातातील कडे, अंगठी हे सर्व काढून ठेवावे लागते. दागिन्यावर चिकटपट्टी लावून खेळण्याचीही मुभा नाही. धावपळीत एखाद्याचे बोट साखळीत अडकले किंवा कोपर डुलावर आदळले, तर दोघांनाही इजा होऊ शकते, हे त्यामागील कारण होय.

नियम काय सांगतो?

प्रत्येक खेळाडूला बाह्या असलेला सदरा, अर्धी विजार, पायमोजे, नडगीचे कवच आणि पादत्राणे या पाच वस्तू आवश्यक आहेत. कवच पायमोज्याने पूर्ण झाकलेले असावे लागते. सदऱ्याच्या आत दुसरे वस्त्र घातल्यास त्याच्या बाह्यांचा रंग सदऱ्याच्या बाहीशी जुळणारा हवा. गोलरक्षकाला मात्र लांब विजार घालता येते.

सुरक्षिततेचा हा विचार खेळाइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये १८६३ साली पहिले नियम लिहिले गेले, तेव्हाच बाहेर आलेले खिळे किंवा लोखंडी पट्ट्या असलेले बूट घालून खेळण्यास मनाई करण्यात आली होती.

रंगांची भाषा

पोशाखाचे दुसरे प्रयोजन म्हणजे ओळख. दोन्ही संघांचे रंग परस्परांपासून वेगळे असावेत. तसेच ते पंचांच्या पोशाखाहूनही वेगळे असावेत. गोलरक्षकाचा रंग इतर खेळाडूंपेक्षा निराळा असतो, कारण स्वतःच्या गोलासमोरील ठरावीक क्षेत्रात चेंडू हाताळण्याचा अधिकार केवळ त्यालाच असतो.

रंग जुळले तर काय होते, याचे बोलके उदाहरण १९७८ च्या विश्वचषकात घडले. अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे फ्रान्स आणि हंगेरी हे दोन्ही संघ पांढरे सदरे घेऊन आले. सामना लांबला. अखेर फ्रान्सच्या खेळाडूंनी एका स्थानिक क्लबचे हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांचे सदरे मागून घेतले, तेव्हा कुठे खेळ सुरू झाला.

पंचांचा पोशाख दीर्घकाळ काळाच असे. १९९४ च्या विश्वचषकापासून पंच इतर रंगांतही दिसू लागले. रंग बदलला, तरी उद्देश तोच राहिला. शेकडो डोळ्यांना पंच क्षणात ओळखता यावेत, हाच तो उद्देश. तमिळनाडूचे के. शंकर यांनी २००२ च्या विश्वचषकात साहाय्यक पंच म्हणून काम केले. अशा पंचांच्या अंगावरील पोशाख हे अधिकाराचे, तसेच निःपक्षपातीपणाचे चिन्ह असते.

अनवाणी पायांचा इतिहास

भारतीय फुटबॉलचा आरंभीचा काळ अनवाणी पायांचा होता. १९११ साली आय. एफ. ए. शील्ड स्पर्धेत मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट या ब्रिटिश संघाला नमवले, तेव्हा त्या संघातील एक खेळाडू वगळता सर्व अनवाणी होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्येही बहुसंख्य भारतीय खेळाडू बुटांविना खेळले. फ्रान्सविरुद्धचा तो सामना भारताने १-२ असा गमावला, पण संघाच्या कौशल्याचे कौतुक झाले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे युगोस्लाव्हियाकडून १-१० असा मोठा पराभव झाला. त्यानंतर भारतीय खेळाडूंना बूट सक्तीचे झाले. पुढे १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने चौथे स्थान मिळवले.

आज पादत्राणांविना खेळता येत नाही. तथापि, एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. नियमात ‘पादत्राणे’ एवढेच म्हटले आहे. ती महाग असावीत किंवा विशिष्ट कंपनीची असावीत, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. साधे, सुरक्षित कॅनव्हासचे बूटही नियमात बसतात. एवढेच नव्हे, तर खेळताना अकस्मात बूट निसटला आणि खेळाडूने त्याच क्षणी गोल केला, तर तो गोल ग्राह्य धरला जातो. चेंडू सीमेबाहेर गेला की मात्र त्याने बूट घातलाच पाहिजे. मजुराच्या मुलासाठी हा तपशील फार मोलाचा आहे. नियम न वाचता केवळ रीत म्हणून महाग बुटांचा आग्रह धरला, तर गुणी खेळाडू बाहेर राहतो.

नियम बदलतो तेव्हा

कधी कधी मात्र नियमाचा अर्थच अडथळा ठरतो. जून २०११ मध्ये जॉर्डनची राजधानी अम्मान येथे इराणच्या महिला संघाला ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला गेला नाही, कारण खेळाडूंची डोकी वस्त्राने झाकलेली होती. मानेला इजा होण्याची भीती हे त्यासाठी दिले गेलेले एक कारण होते. पुढे सुरक्षित शिरोवस्त्रांचा प्रयोग करण्यात आला. मार्च २०१४ मध्ये नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने शिरोवस्त्रास मान्यता दिली. शीख खेळाडूंच्या पगडीचा प्रश्नही त्यामुळे सुटला. मात्र ते वस्त्र काळे किंवा सदऱ्याच्या रंगाचे असावे, सदऱ्याला जोडलेले नसावे आणि कोणासही धोकादायक नसावे, अशा अटी घातल्या गेल्या. २०२३ च्या महिला विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून मैदानात उतरली.

सुरक्षितता राखली गेली आणि खेळाडूही खेळू शकले. ज्या हेतूने नियम जन्मला तो हेतू जपून त्याचे रूप बदलणे, हेच सुजाण समाजाचे लक्षण होय. सामन्यापूर्वी बुटांचे तळ पाहणारा पंच खेळाडूला अडवण्यासाठी उभा नसतो. सर्वांना सारख्या अटींवर, सुखरूप खेळता यावे, यासाठी तो तेथे असतो.

शब्दार्थ

नडगी – गुडघ्याखालील पायाचे पुढचे हाड
प्रयोजन – हेतू, उद्देश
ग्राह्य – स्वीकारण्याजोगे
निःपक्षपातीपणा – कोणाचीही बाजू न घेण्याची वृत्ती

स्वाध्याय

१. खेळाडूला आवश्यक असलेल्या पाच वस्तू लिहा.
२. गोलरक्षकाचा पोशाख वेगळ्या रंगाचा का असतो?
३. १९७८ च्या सामन्यात कोणती अडचण आली व ती कशी सुटली?
४. ‘नियम न वाचता रीत पाळली, तर अन्याय होतो.’ पाठाच्या आधारे हे विधान स्पष्ट करा.
५. तुमच्या कामाच्या ठिकाणी किंवा परिसरात पोशाखाविषयी असलेला एखादा नियम सांगा. तो कशासाठी आहे व त्यात बदल हवा का, याविषयी आठ-दहा ओळी लिहा.