घरी पाठ, खुर्चीत सपाट

प्रश्न : माझं बी.कॉम. झालं आहे. आतापर्यंत तीन मुलाखती दिल्या. घरी आरशासमोर उत्तरं घडाघडा येतात. पण तिथे ‘स्वतःविषयी सांगा’ म्हटलं, की घसा कोरडा पडतो, तळहातांना घाम येतो आणि पाठ केलेलं सगळं गायब होतं. बाहेर पडून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलो, की तेच उत्तर शब्दन् शब्द आठवतं! मित्र म्हणतो, आत जाण्याआधी दोन मिनिटं छाती काढून, कमरेवर हात ठेवून उभा राहा, आत्मविश्वास येतो. हे खरं का? (ता.क. सुट्ट्यांमध्ये मामांच्या हार्डवेअरच्या दुकानात हिशेबाला थोडी मदत केली आहे, पण ते काही सांगण्यासारखं नाही.)

उत्तर : तुमचा जिना फार जुना आहे. अठराव्या शतकात फ्रेंच लेखक दिदरो याला एका मेजवानीत कुणीतरी निरुत्तर केलं. चोख उत्तर सुचलं ते जिना उतरून खाली आल्यावर, असं त्याने लिहून ठेवलं आहे. फ्रेंच लोक अजूनही उशिरा सुचलेल्या उत्तराला ‘जिन्यावरची हुशारी’ म्हणतात. तेव्हा तुमच्यात काही कमी आहे, ही शंका आधी काढून टाका.

आता घशाकडे वळू. शरीराला वाघ आणि मुलाखतीचं मंडळ यांतला फरक फारसा कळत नाही. धोका वाटला, की मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथी अॅड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात धडधडतं, रक्त स्नायूंकडे वळतं, आणि पळण्याच्या वेळी जेवायचं कशाला, म्हणून पचनाची कामं मागे पडतात. लाळ हे पचनाचंच काम, म्हणून तोंड कोरडं. घाम त्याच हुकमाने येतो. यात तुमच्या लायकीचा काही संबंध नाही. समोर पाण्याचा ग्लास असेल तर खुशाल एक घोट घ्या. नसेल तर मागा. पाणी मागितलं म्हणून कुणी नोकरी नाकारत नाही.

पण पाठ केलेलं जातं कुठे? तर कुठेच जात नाही. आपण एका वेळी मनात फार थोड्या गोष्टी धरू शकतो. त्यातली अर्धी जागा ‘यांना काय वाटत असेल?’ या काळजीने अडवली, तर उत्तराला जागा उरत नाही. जिन्यावर काळजी संपते, जागा मोकळी होते. त्यात पाठांतराची एक खोड आहे. सतराचा पाढा मधूनच विचारला, तर बहुतेकांना पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. पाठ केलेलं उत्तर तसंच साखळीचं असतं. मुलाखत घेणाऱ्याने मध्ये ‘म्हणजे नक्की काय?’ विचारलं, की कडी तुटते. आरसा असं काही विचारत नाही, म्हणून तिथे तुमचं छान जमतं.

मित्राच्या सल्ल्याचाही इतिहास आहे. 2010 मध्ये अमेरिकेत 42 जणांवर एक प्रयोग झाला आणि अशा ऐटदार पवित्र्याने शरीरातली संप्रेरकंसुद्धा बदलतात, असं त्यातून निघालं. कल्पना जगभर पसरली. पुढे 2015 मध्ये 200 जणांवर तोच प्रयोग केला, तेव्हा संप्रेरकांत फरक दिसला नाही. फक्त माणसांना आपण जरा जोरात आहोत असं वाटलं. मूळ प्रयोग करणाऱ्यांपैकी एका संशोधिकेने 2016 मध्ये आपला यावरचा विश्वास उडाल्याचं जाहीर सांगितलं. उभं राहायचं तर राहा, अपाय नाही. रांगेतले बाकीचे उमेदवार बघतील एवढंच.

यापेक्षा मला दुसरा एक प्रयोग कामाचा वाटतो. सावित्स्की आणि गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये तो प्रसिद्ध केला. भाषण देणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना आधीच सांगितलं, की तुमची घालमेल समोरच्यांना तुम्हाला वाटते तेवढी दिसत नाही. एवढं कळल्यावर त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली. ऐकणाऱ्यांचंही तेच मत पडलं. आपल्या छातीतला ढोल आपल्यालाच ऐकू येत असतो. टेबलापलीकडे तो पोचत नाही. भीती घालवायच्या खटपटीत जाणारी शक्ती वाचली, की ती उत्तराकडे वळते.

म्हणून उत्तरं पाठ करू नका, प्रसंग आठवा. आणि सुरुवात त्या ता.क.पासूनच करा, कारण पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही कंसात टाकली आहे! मामांकडे नेमकं काय केलं? उधारीची वही टॅलीत चढवली? जीएसटीची विवरणपत्रं भरायला हात लावला? गिऱ्हाईक आणि वही यांचा मेळ बसेना, तेव्हा चूक कशी शोधली? मामांशी मतभेद झाला का? एकच प्रसंग, पण ‘कामाचा अनुभव काय’, ‘अडचण आली तर काय करता’, ‘वरिष्ठांशी पटलं नाही तर’ अशा तीन प्रश्नांना पुरतो. तो तुमच्यासमोर घडलेला असल्यामुळे मधूनच विचारला तरी कडी तुटत नाही. असे पाच-सहा प्रसंग कॉलेजमधून, घरातून, गावच्या गणेश मंडळाच्या जमाखर्चातूनही निघतील.

इथे आपल्या मराठी घरांची अडचण येते. स्वतःचं स्वतः सांगू नये, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. त्यामुळे सहा महिने वही सांभाळलेला मुलगा ‘थोडी मदत केली’ म्हणून मोकळा होतो. ‘मी फार हुशार आहे’ ही बढाई झाली. ‘दोनशे गिऱ्हाइकांची उधारी मी वहीवरून संगणकावर घेतली’ ही माहिती झाली. आकडा तुमचा खरा असेल तो घाला. मंडळाला माहितीच हवी असते.

सराव मात्र माणसासमोर करा आणि तो माणूस फार प्रेमळ नको. प्रत्येक इमारतीत एक काकू असतात, ज्या ‘पण मग ती आधीची नोकरी का नाही मिळाली रे?’ असं सहज विचारतात. त्यांच्याकडे चहाला जा.

इंग्रजीची धास्ती तुम्ही लिहिली नाहीत, पण ओळींमागे ती दिसते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत 2025 पैकी 275 गुण मुलाखतीला असतात, आणि मुख्य परीक्षा मराठीतून देणाऱ्याला ती मुलाखतही मराठीतून देता येते. दुभाषा सोबत असतो. खासगी कंपनीत तशी सोय नसेल, पण ‘मी हे मराठीत सांगितलं तर चालेल का?’ असं विचारायला हरकत नसते. नाही म्हणाले तर मामांचा तोच प्रसंग सोप्या इंग्रजीत, लहान वाक्यांत आधी दोनदा सांगून बघा.

आणि मामांना आज फोन कराच. उधारीची वही किती पानांची होती, ते त्यांना नक्की आठवत असेल.