बापाला सगळ्यात शेवटी कळतं

हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या वसमत भागात जानेवारी ते मार्च बाप घरात असून नसल्यासारखा असतो. जूनमध्ये लावलेली हळद आठ-नऊ महिन्यांनी काढायला येते. मग काढणी, शिजवणं, वाळवणं, पॉलिश आणि मोंढ्यात (बाजारात) विक्री, एकामागून एक कामं लागतात. हळद शिजवणाऱ्या कुकरवाल्याची पाळी रात्री आली तर रात्रभर हळद शिजवायची, आभाळ भरून आलं तर वाळत घातलेला माल झाकायला पळायचं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागं असे किती जागलेले शेतकरी आहेत ते आम्हाला ठाऊक आहे. वर्षाचा पैसा याच दिवसांत हाती येतो. म्हणून घराघरांत एक न बोललेला नियम असतो: या दिवसांत बापाच्या कानावर काही घालायचं नाही.

या नियमापायी आमच्या घरावर काय वेळ आली, ते इतर बापांच्या कामी यावं म्हणून लिहितो आहे.

दहावी झाली की आमच्याकडची बरीच मुलं नांदेडची किंवा लातूरची वाट धरतात. आमचा थोरलाही अकरावीला नांदेडला होता. क्लास, भाड्याची खोली आणि मेस. फेब्रुवारीत त्याला ताप आला. त्यानं आईला फोन केला, आईनं मेडिकलमधून गोळ्या घ्यायला सांगितलं आणि दोघांनी मिळून ठरवलं, "पप्पांना सांगायचं नाही, हळद शिजायलीय." ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. आठवडा असाच गेला. शेवटी त्याच्या खोलीतल्या मित्राचा मला फोन आला, "काका, ह्याला उभं राहता येईना, तुम्ही या." नांदेड आमच्यापासून तासाभराच्या रस्त्यावर. तेवढंसं अंतर तोडायला बातमीला आठवडा लागला होता.

मी जाऊन त्याला दवाखान्यात दाखल केलं. रक्ताच्या तपासणीत टायफॉइड निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की हा ताप अंगावर काढला तर आतड्याला छिद्रही पडू शकतं. सुदैवानं औषधं लागू पडली. चौथ्या दिवशी पोराला हुशारी आली तेव्हा मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" त्यानं विचार करून उत्तर दिलं, "पप्पा, तुम्हाला दोनच गोष्टी सांगतात. रिझल्ट आणि मयत." शेजारच्या खाटेवरचे आजोबा खो-खो हसले. मी हसलो, पोरगाही हसला. आजारपणातलं ते पहिलं हसू होतं. पण त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि ते कोणत्याही एका घरापुरतं नव्हतं.

आपल्याकडे लेकराची बातमी आईच्या मार्फत बापाकडे येते. फी, बूट, नापास झालेला पेपर, मित्राशी झालेलं भांडण, सगळं आधी आईपाशी. ती वेळ बघते, नवऱ्याचा चेहरा बघते, निम्मं गाळते आणि उरलेलं सांगते. तिचा हेतू चांगलाच असतो. पण आजारपण आणि संकट चांगला मुहूर्त बघून येत नाही. म्हणून लेकराची आणि बापाची सरळ बोलचाल हवी, आणि ती लेकरू घर सोडण्याआधीच सुरू झालेली हवी.

त्यासाठी आमच्या घरी जे उपयोगी पडलं ते सांगतो.

काम नसताना फोन करा. सुरुवातीला लेकरू घाबरून विचारेल, "काय झालं? कोण गेलं?" विचारू द्या. गाय व्याली, मोंढ्यात हळदीला काय भाव निघाला, आजी कुणावर रुसली, हे सांगा. आपली बातमी आधी द्यावी, मग त्याची येते. मार्कांचा प्रश्न पहिला विचारला की फोन तिथंच संपतो.

वाईट बातमी आली की आधी पूर्ण ऐका. मग एवढंच विचारा, "आता काय करायचं?" रागवायचं असेल तर दुसऱ्या दिवशी रागवा. पहिल्या बातमीला आरडाओरडा मिळाला की दुसरी बातमी तुमच्यापर्यंत येतच नाही.

लेकराच्या हाती खरं काम द्या. आपल्याच जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं गाव मानलं जातं. त्यांच्या बालपणीची कथा घरोघरी माहीत आहे. वडील दामाशेटी बाहेरगावी गेले म्हणून देवाच्या नैवेद्याचं काम त्या पोराकडे आलं, आणि देव जेवल्याशिवाय ते हटेना. लेकरं सोपवलेलं काम असं जिवाला लावून घेतात. पुढे हाच मुलगा धंद्यात लक्ष घालीना, तेव्हा घरच्यांनी मनातलं बोलून दाखवलं. आई गोणाईच्या तोंडची तक्रार अभंगांतून आजही वाचायला मिळते. त्या घरात रागही उघडपणे बोलला जात होता. तसाच घरचा व्यवहारही लेकरांपुढे उघडा ठेवा. तुमच्या मुलालाच नव्हे, मुलीलाही मोंढ्यात न्या. खर्च वजा होऊन विक्रीच्या पट्टीवर किती उरतं ते दाखवा. कर्ज किती आहे तेही सांगा. हिशोब माहीत असलेलं लेकरू उगाच हट्ट करत नाही आणि घरच्या काळजीनं आपलं दुखणंही लपवत नाही, कारण दवाखान्यापुरते पैसे आहेत हे त्याला ठाऊक असतं.

घरात हसणं असू द्या. लेकरानं तुमच्या चालण्याची, खोकण्याची नक्कल केली तर करू द्या, तुम्हीही हसा. मात्र पाहुण्यांसमोर त्याच्या रंगावरून, उंचीवरून, मार्कांवरून कधीही थट्टा करू नका. चारचौघांत खाली पाहायला लावलेलं लेकरू एकांतातही मन मोकळं करत नाही.

शेवटी व्यवहाराचं. मूल बाहेरगावी असेल तर त्याच्या खोलीतल्या मित्राचा, घरमालकाचा आणि मेसवाल्याचा नंबर तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये असू द्या. ताप तीन दिवसांवर गेला की मेडिकलच्या गोळ्या थांबवून डॉक्टर गाठायचा, हे त्याला आधीच सांगून ठेवा. अभ्यासाचा ताण झेपेनासा झाला तर 14416 हा सरकारचा मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानस क्रमांक आहे आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी 1098 हा मदत क्रमांक आहे, हे दोन्ही त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. आणि घरधनिणीला स्पष्ट सांगा, लेकराचं दुखणं माझ्यापासून झाकायचं नाही, भले हळद शिजत असो.

लेकरू आपल्याला भितं, याचा मोठेपणा मिरवू नका. संकटात त्याला सगळ्यात आधी तुमचं नाव आठवलं, तर तुमचं बापपण पुरं झालं असं समजा.