बापलेकांच्या मोटारसहलीविषयी

चि. भाच्यास मामाचे अनेक आशीर्वाद.

मोटारींच्या ओढीने निघालेल्या बापलेकांसाठी जर्मनीचा नैर्ऋत्य कोपरा सर्वांत योग्य. मोटारीचा जन्म तिथला. लांब पल्ल्याचा पहिला मोटारप्रवासही तिथेच झाला, आणि तो एका आईने आपल्या दोन मुलांना घेऊन केला. मानहाइमहून श्टुटगार्टमार्गे म्युनिकपर्यंतच्या साधारण साडेतीनशे किलोमीटरांच्या पट्ट्यात पाहण्यासारखे बहुतेक सारे येते. त्यासाठी आठ-नऊ दिवस पुरतात. दहावीनंतरची मे महिन्याची सुट्टी यासाठी चांगली. तिकडे तेव्हा दिवस मोठा असतो आणि थंडी ओसरलेली असते.

सहलीचा बेत कळला त्याच्या आधी दुसरी एक बातमी घरी येऊन पोहोचली, आणि पत्राचे खरे कारण ती आहे. पहाटे धरणाच्या रस्त्यावर मुलाच्या हातात गाडी दिली जाते, बाप शेजारी बसतो, आणि जर्मनीत वेगमर्यादा नसलेल्या रस्त्यावरही त्याला थोडा वेळ गाडी द्यायची, असे ठरले आहे म्हणतात. लग्नघरात हे तिघांच्या तोंडून निघाले. खोटे असेल तर मामाइतका आनंद कोणाला होणार नाही. खरे असेल तर ते आजच थांबले पाहिजे. रस्ता मोकळा होता, पहाट होती, बाप शेजारी होता, यांतले एकही कारण कायदा ऐकून घेत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा घडला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला जे घडले, ते भाच्याच्या घरापासून लांब नाही. अल्पवयीन मुलाने चालवलेल्या मोटारीच्या धडकेत दोन तरुण जीव गेले. दंड भरता येतो, कैदही भोगून संपते. गेलेला जीव परत आणता येत नाही. पंधरा वर्षांच्या मुलाच्या माथी तसले ओझे येऊ नये, म्हणून हा घोर.

आता सहलीकडे. सुरुवात मानहाइमहून करावी. फ्रांकफुर्टच्या विमानतळावरून आगगाडीने तिथे तासाभराच्या आत पोहोचता येते. कार्ल बेंझ यांनी तीन चाकांच्या मोटारीचे पेटंट २९ जानेवारी १८८६ रोजी मागितले ते याच शहरातून. यंत्र तयार होते, पण ते विकत घेण्याइतका विश्वास कोणाचा बसत नव्हता. ऑगस्ट १८८८ मध्ये त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता पहाटे ती मोटार घेऊन निघाल्या. बरोबर १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड. जायचे होते फोर्ट्सहाइमला, माहेरी. अंतर शंभर किलोमीटरांच्या वर. पेट्रोल पंप नावाची गोष्ट तेव्हा नव्हतीच. वीसलॉख गावातल्या औषधांच्या दुकानातून त्यांनी डाग काढण्यासाठी विकले जाणारे लिग्रोइन इंधन म्हणून घेतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. चढ आला की पोरे खाली उतरून गाडी ढकलत. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आज गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक लायनर म्हणतात, त्याची सुरुवात याच प्रवासात झाली असे मानले जाते. अंधार पडता पडता फोर्ट्सहाइम आले आणि नवऱ्याला सुखरूप पोहोचल्याची तार गेली. चढावर गाडी कमी पडते हे मुलांच्या अनुभवावरून कळले आणि पुढे मोटारीला आणखी एक गिअर बसवला गेला.

ही हकीकत मुलाला विमानात बसण्याआधीच सांगावी. ऑयगेन त्याच्याच वयाचा होता. त्याचा वाटा कमी नव्हता: ढकलणे, पाणी भरणे, वाटेत लागेल ती मदत करणे. पंधराव्या वर्षी मोटारीच्या प्रवासात करण्यासारखे एवढे असते. गाडी हातात दिली तरच मुलाला मान दिला, असे होत नाही.

त्या प्रवासाची वाट २००८ पासून बेर्था बेंझ स्मृतिमार्ग म्हणून पाट्या लावून जपली आहे. जाऊन येऊन ती १९४ किलोमीटर भरते. घाई न करता दोन दिवस द्यावेत. हायडेलबर्ग, वीसलॉख, ब्रुखसाल अशी गावे घेत, ऑटोबान म्हणजे तिकडचे द्रुतगती महामार्ग टाळून, द्राक्षमळ्यांच्या आणि शेतांच्या कडेने जावे. वीसलॉखचे ते औषधांचे दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून ओळखले जाते, तिथे उतरावे. मानहाइमजवळच्या लाडेनबुर्ग गावात बेंझ यांच्या जुन्या कारखान्यातच मोटारींचे संग्रहालय आहे. ते आटोपशीर आहे. बेंझ यांचा शेवटही १९२९ मध्ये याच गावात झाला. मार्गाचा नकाशा, थांबे, जेवणाच्या जागा हे सारे मुलाकडे सोपवावे. तो चुकला तर चुकू द्यावा. पुढच्या गावातून परत फिरता येते.

भाड्याची गाडी साधी घ्यावी. भारतीय परवान्याबरोबर आरटीओतून काढलेला आंतरराष्ट्रीय परवाना जवळ असावा. तिथे वाहतूक रस्त्याच्या उजवीकडून चालते आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला असते, म्हणून पहिला दिवस लहान गावांतच गाडी चालवून हात बसवावा. ऑटोबानच्या काही भागांत वेगमर्यादा नाही हे खरे. पण शिफारस केलेला वेग ताशी १३० किलोमीटर आहे, आणि ओव्हरटेक फक्त डावीकडून करायचे हा नियम तिथे काटेकोर पाळला जातो. या वेगाला गाडी सेकंदाला ३६ मीटर पुढे जाते, म्हणजे पाय ब्रेककडे वळेपर्यंतच तेवढे अंतर कापून झालेले असते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारे अंतर चौपट होते. म्हणून तिकडे साधा हिशेब शिकवतात: मीटरवर जो आकडा, त्याच्या निम्मे मीटर अंतर पुढच्या गाडीपासून ठेवायचे. वाहतूक तुंबली की मधोमध रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करणे तिथे कायद्याने बंधनकारक आहे. शेजारच्या सीटवरून हे पाहिलेला मुलगा गाडी हातात मिळालेल्या मुलापेक्षा जास्त शिकून येतो.

न्युर्बुर्गरिंगच्या २० किलोमीटरांच्या फेरीचाही विषय निघाल्याचे कानावर आले. ती शर्यतीची वाट ठरावीक दिवशी पैसे भरून सर्वांना खुली असते, पण गाडी चालवायला परवाना लागतोच, आणि भाड्याच्या बहुतेक मोटारींच्या करारात तिथे जाण्यास मनाई असते. ती वाट या मार्गावरही नाही. तो बेत सोडावा. मुलाला वेगाची हौस असेल तर त्याच्या वयासाठी कार्टिंगच्या बंद वाटा आहेत. हेल्मेट घालून, देखरेखीखाली, तिथे त्याने हवे तेवढे फिरावे.

आणि जर्मनीतही पंधरा वर्षांच्या मुलाला रस्त्यावर गाडी चालवता येत नाही. तिथला परवाना १८ व्या वर्षी मिळतो. पूर्ण शिक्षण आणि परीक्षा झालेल्यांना १७ व्या वर्षी गाडी चालवता येते, पण शेजारी नाव नोंदवलेला, किमान ३० वर्षांचा, ५ वर्षे परवाना असलेला माणूस बसला पाहिजे. मोटारींवर एवढे प्रेम करणारा देशसुद्धा आधी शिकवतो, मग शेजारी वडीलधारे माणूस बसवतो, आणि मगच गाडी हातात देतो.

मानहाइमहून श्टुटगार्टला जाताना झिन्सहाइमचे तंत्रसंग्रहालय लागते. कॉन्कॉर्ड आणि टुपोलेव्ह-१४४ ही स्वनातीत प्रवासी विमाने तिथे एकत्र पाहायला मिळतात. अर्धा दिवस तिथे जातो.

श्टुटगार्टला दोन मुक्काम करावेत. मर्सिडीज-बेंझ संग्रहालय २००६ मध्ये उघडले. इमारत नऊ मजल्यांची, गाड्या १६०. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जायचे आणि १८८६ पासून आजपर्यंत उतरत यायचे, अशी रचना आहे. मुले शर्यतीच्या चंदेरी गाड्यांकडे धावतात. त्यांना धावू द्यावे, पण १९६० ते १९८२ या काळाचे सुरक्षिततेचे दालन घाईत ओलांडू नये. धडकेत पुढचा आणि मागचा भाग चुरगळावा आणि मधली माणसे वाचावीत, ही बेला बारेन्यी या अभियंत्याची कल्पना १९५९ च्या मोटारीत प्रत्यक्षात आली. १९७८ मध्ये जोराचा ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आली, आणि त्यानंतर काही वर्षांत एअरबॅग. या इतिहासात दुःखही आहे. ११ जून १९५५ रोजी ल माँच्या शर्यतीत मर्सिडीजची एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्या हंगामाअखेर कंपनीने शर्यती सोडल्या आणि पुढे कित्येक वर्षे ती परतली नाही. ही गोष्ट बापाने मुलाला तिथे उभे राहून सांगावी. तिचे वजन पंधराव्या वर्षीही कळते.

या संग्रहालयाशी घराचे नातेही आहे. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले. करार १९६९ ला संपला, पण तोवरच्या ट्रकांवर मर्सिडीजचा तारा असे. भाच्याच्या आजोबांचा कोल्हापूर-मुंबई ट्रक तसलाच. मामाला मुलाच्या वयात एकच ध्यास होता, ट्रक हातात मिळावा. आजोबा नाही म्हणाले आणि त्या रागात केबिनमध्ये बसणेच बंद झाले. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा एवढे एक वाक्य त्यांच्याकडून कानी पडले. कात्रजच्या उतारावर तापलेले ब्रेक कसे सांभाळले, रात्री डोळा लागू लागला की काय केले, एकट्याने एवढे रस्ते काढताना मनात काय असे, हे त्यांना कोणी विचारले नाही. आता विचारायला ते नाहीत. संग्रहालयात ट्रकांचेही दालन आहे. तिथे पणजोबांचे नाव मुलाच्या कानावर घालावे.

त्सुफेनहाउझेनचे पोर्शे संग्रहालय २००९ चे. शहरातून लोकलने जाता येते, स्टेशन दारातच आहे. म्युनिकला बीएमडब्ल्यूचे वाडग्याच्या आकाराचे संग्रहालय १९७३ पासून आहे. समोरच्या बीएमडब्ल्यू वेल्टमध्ये नव्या गाड्या ग्राहकांच्या ताब्यात दिल्या जातात. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. ही तिन्ही मोठी संग्रहालये सोमवारी बंद असतात, तेव्हा वार पाहून तिकिटे काढावीत. म्युनिकच्या डॉयचेस म्युझियमच्या संग्रहात बेंझ यांची १८८६ ची मूळ मोटार आहे. ती पाहून सहल संपवावी.

कागदपत्रांना उशीर नको. शेंगेन व्हिसासाठी ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. मुलगा एकाच पालकाबरोबर जात असल्याने आईचे नोटरी केलेले संमतिपत्र लागेल. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा हवा. बरोबर दशम्या, मेतकूट, चिवडा असावा. चीज घातलेले श्पेट्झल, म्हणजे तिकडचे नूडल्स, मुलाला आवडतील. एका दिवशी एकच संग्रहालय घ्यावे आणि मधला एक दिवस पूर्ण मोकळा ठेवावा. निघण्यापूर्वी एखाद्या रविवारी नगरचे रणगाडा संग्रहालय दोघांनी करून यावे. घरच्या गाडीची स्टेपनी मुलाकडून बदलून घ्यावी, आणि ओळखीच्या गॅरेजात ब्रेक उघडून लायनर, डिस्क, ब्रेक ऑइल त्याला दाखवून घ्यावे.

गाडी दिली गेली ती लाडापोटी, हे मामाला कळते. दोन पाळ्यांच्या नोकरीत मुलाशी बोलायला वेळ उरत नाही. या वयात मुलगा खोलीचे दार लावून घेतो आणि गाडीत बसला की मात्र बोलू लागतो. असे असता गाडी त्याच्या हातात द्यावी असे बापाला वाटणे साहजिक आहे. भाचा चांगला बाप आहे, आणि हे त्याला कोणी फारसे सांगितलेले नाही. वरचे कठोर शब्द काळजीचे आहेत, ते मनात धरू नयेत. मुलाला बोलते करण्यासाठी गाडी त्याला द्यावी लागत नाही. बापाने चालवावी आणि त्याने शेजारी बसावे, एवढ्यानेच ते घडते, आणि या आठ-नऊ दिवसांत ते भरपूर घडेल. खर्चाला काही कमी पडले तर संकोच न करता सांगावे. बेत आखडावा लागला तर एखादे संग्रहालय गाळावे, दिवस कमी करू नयेत.

अठरा पूर्ण झाले की शिकाऊ परवाना काढावा, गाडीला लाल एल लावावा आणि बापाने शेजारी बसून त्याला शिकवावे. त्या दिवशी मागच्या सीटवर मामाला जागा ठेवावी. निघण्याआधी दोघांनी जेवायला यावे. मुलाने आखलेला नकाशा पाहायची मामा-मामींना फार इच्छा आहे.