पणजोबांच्या नोंदीविषयी

घनसावंगी

चि. सोनूस,

पणजोबांच्या जन्माची नोंद मिळत नाही म्हणून तू खट्टू झालास, असं तुझ्या आईकडून कळलं. तू पाठवलेली वंशावळ नीट पाहिली. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमल्यापासून आपल्याकडे सगळेच निजामकाळातले कागद धुंडाळताहेत, आणि सगळेच बापाच्या गावापासून सुरुवात करतात. तान्ह्या लेकराचा माग मात्र आईकडून काढावा लागतो.

पहिलं बाळंतपण माहेरी. पणजोबा थोरले, म्हणजे जन्म देऊळगाव राजाकडचा. आपलं गाव निजामाच्या राज्यात, पण तो मुलूख वऱ्हाडातला, 1853 पासून इंग्रजांच्या कारभारात. इथली उर्दू दप्तरं चाळून तिथलं मूल कसं सापडेल? तिकडचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही बघ. त्यात पणजोबांचं नाव शोधत बसू नकोस. पुष्कळदा बारशाआधीच खबर गेलेली असते, मग नुसतं ‘मुलगा’ आणि बापाचं नाव. आडनावाचीही आशा धरू नकोस. बापाचं नाव, जात आणि गाव जुळतंय का ते पाहा.

पणजोबा मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लूएंझाच्या साथीत जन्मले, असं घरात सांगत आले. म्हणजे 1918. बाकी नोंदींसाठी इथले कागद काढशील तेव्हा फसली, म्हणजे महसुली सालाकडे लक्ष दे. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला, आजूर महिन्यात बदलायचं. त्यामुळे साथीचा तो एकच हंगाम 1327 आणि 1328 अशा दोन सालांत विभागला गेला. इसवी साल काढायला फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी 590 मिळव, पुढच्या महिन्यांसाठी 591. उर्दू वाचायला जाणता माणूस घे, पण त्याच्या तोंडी आपल्याला हवं ते नाव घालू नकोस. त्या लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. रखमा आणि रुखमा सारखेच दिसतात.

आता मला खरं टोचलं ते सांगते. त्याच साथीत पणजोबांची आई गेली. तुझ्या वंशावळीत तिच्या जागी सावत्र आईचं नाव आहे. त्या माउलीने पणजोबांना वाढवलं, तिचं नाव राहू दे. पण जिच्या पोटी ते जन्मले तिलाही लिही, वेगळी रेघ काढून. कुणबी दाखल्याच्या अर्जाला ती रेघ लागो वा न लागो, आपल्या घरच्या कागदावर ती हवीच. तिच्या माहेरचं कुणी नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलं असेल, तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्या कुळाची नावं मिळू शकतील. जाताना त्यांचं मूळ गाव आणि आडनाव पक्कं विचारून जा, वह्या त्यावरूनच लावलेल्या असतात.

देऊळगावला निघण्याआधी मला फोन कर. पणजोबांच्या आईच्या भावांच्या पुढच्या पिढीतल्या एक काकू अजून आहेत. त्या थकल्यात, तेव्हा आधी त्यांच्याकडे जा, कचेरीत नंतर.

तुझी,
मोठी आत्या