नोंदवहीतील स्मरण

वैद्य कितीही निष्णात असला, तरी प्रत्येक रुग्ण त्याच्या हातून वाचतोच असे नाही. रुग्ण दगावला म्हणजे आप्तजन शोक करतात. वैद्यालाही दुःख होते. परंतु दुसरा रुग्ण दाराशी आलेला असतो, म्हणून त्याला शोक करीत बसता येत नाही. मग गेलेल्यांचे स्मरण त्याने कसे ठेवावे? महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचे कार्य या प्रश्नाचे उत्तर देते.

आजच्या जालना जिल्ह्यातील देहेड गावी जन्मलेले बावस्कर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले. आजच्या रायगड जिल्ह्यास त्या वेळी कुलाबा म्हणत. या भागात लाल विंचवाचा उपद्रव फार. दंश होताच धडधाकट माणूस घामाने निथळे, त्याचे हातपाय गार पडत आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी साचून तो प्राणास मुके. कोवळी मुलेही यातून सुटत नसत. प्रचलित उपचारांचा उपयोग होत नसे.

बावस्करांनी या मृत्यूंचा दोष दैवाला दिला नाही. रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम व श्वास यांच्या नोंदी ते करीत राहिले. विंचवाचे विष हृदयावर घाला घालते, हे त्या नोंदींतून उमगले. १९८२ साली 'लॅन्सेट' या विख्यात वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. पुढे पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरील औषध वापरून पाहिले. विषामुळे आकुंचन पावलेल्या रक्तवाहिन्या त्याने सैल होतात व हृदयावरील भार हलका होतो. १९८६ साली हेही निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये आले. पूर्वी गंभीर दंशाच्या १०० रुग्णांपैकी सुमारे ३० दगावत. ते प्रमाण सुमारे एकावर आले. २०२२ साली भारत सरकारने बावस्करांना 'पद्मश्री' देऊन गौरविले.

नोंदवहीत ज्यांची नाडी थांबली, त्यांचे मरण अशा रीतीने व्यर्थ गेले नाही. जे वाचले नाहीत, त्यांनीच पुढच्यांना वाचविले. गेलेल्या रुग्णाचे याहून थोर स्मरण वैद्याने कोणते करावे?

शब्दार्थ : निष्णात – अत्यंत कुशल; निथळणे – चिंब होणे; घाला – हल्ला.

स्वाध्याय
१. विंचूदंशाची कोणती लक्षणे पाठात सांगितली आहेत?
२. प्राझोसिनमुळे रुग्ण कसा वाचतो?
३. 'जे वाचले नाहीत, त्यांनीच पुढच्यांना वाचविले' या वाक्याचा आशय स्पष्ट करा.